बंदा पंचाहत्तर

शाहूपुरीत कुठलीही वस्तू समोर आली की माणूस दोन प्रश्न विचारतो. केवढ्याला घेतली, आणि विकली तर केवढ्याला जाईल? वस्तू कशासाठी आहे हा तिसरा प्रश्न सवडीनं विचारायचा असतो आणि बहुधा राहूनच जातो. त्यात पेठेचा दोष नाही. शाहू छत्रपतींनी १८९५ साली ही पेठ वसवली तीच व्यापारासाठी. चार वर्षं आधी, १८९१ मध्ये, मिरजेहून रेल्वे आली होती. स्टेशनाजवळ माल चढवा-उतरवायला जागा हवी होती, गुळाला बाजार हवा होता. पुढं गूळ मार्केट यार्डात गेला आणि त्याच्या जागी पंप, मोटारी, बेअरिंगा, पट्टे आणि नटबोल्ट आले. माल बदलला, बोलणं बदललं नाही. आमच्या गल्लीत (कितवी ते सांगत नाही, लोक हुडकत येतात) एखाद्याकडं नवा सोफा आला तरी बघायला आलेला माणूस बसायच्या आधी तो एका कोपऱ्याला उचलून वजन बघतो.

अशा पेठेत, जे खर्च करायचं नाही, मोडायचं नाही, कुणाला द्यायचं नाही आणि शक्यतो हातही लावायचा नाही, असं नाणं सरकार मुद्दाम पाडतं आणि लोक आगाऊ पैसे भरून ते मागवतात, हे पटवून देणं जिकिरीचं काम आहे. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे काका हे काम गेली कित्येक वर्षं करताहेत. अजून एकालाही पटलेलं नाही.

काका बँकेत कॅशियर होते. आयुष्यभर दुसऱ्याचे पैसे मोजायचे आणि दुसऱ्यालाच द्यायचे, असं चाळीसेक वर्षं काढल्यावर माणसाला कुणालाच द्यायला लागू नयेत अशा पैशांची ओढ लागत असावी. निवृत्तीनंतर काहींना गुडघेदुखी होते, काहींना अध्यात्म. काकांना स्मारक नाणी झाली.

नव्या संसद भवनाचं पंचाहत्तर रुपयांचं नाणं त्यांच्याकडं आलं तेव्हा गल्लीतले पाच-सहा जण बघायला जमले. काकांनी पार्सल कातरीनं नाही, दाढीच्या ब्लेडनं उघडलं. आतनं खोका, खोक्यातनं मखमली पेटी, पेटीतनं प्लास्टिकची गोल डबी निघाली आणि डबीत नाणं दिसलं. मोटार रिवाइंडिंगचं दुकान असलेल्या आमच्या शेजाऱ्यानं पेठेचा पहिला प्रश्न टाकला.

“कितीचं हाय?”

“पंचाहत्तर रुपयांचं.”

“आणि पडलं कितीला?”

काका डबीवरची न दिसणारी धूळ पुसू लागले. उत्तर आतनं, स्वयंपाकघरातनं आलं. “हजारांत विचारा, हजारांत!”

“म्हंजे हजारो रुपये मोजून पंचाहत्तर घेतलं?”

“घेतलं.”

“मग हे पंचाहत्तर चालत्यात तरी का?”

“कायद्यानं चालतात.”

“मग चालवा की.”

“चालवायचे नाहीत.”

शेजारी बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “काका, माझ्या दुकानात असलं गिऱ्हाईक महिन्याला एक जरी आलं ना, तर मी बोर्डावर तुमचं नाव लावतो.”

खरं तर नाणं देखणं होतं, हे कबूल केलं पाहिजे. २८ मे २०२३ रोजी, संसद भवनाच्या उद्घाटनाला, ते निघालं. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम. एका अंगाला अशोकस्तंभाचे सिंह आणि खाली ७५ चा आकडा, दुसऱ्या अंगाला संसद संकुलाचं चित्र. कडेला २०० दाते. दाते मोजून बघितले काय, असं विचारल्यावर काकांनी राजपत्राचा कागद पुढं केला. असं नाणं पाडायच्या आधी सरकार त्याचा आकार, वजन, धातूंचं प्रमाण आणि कडेच्या दात्यांची संख्या राजपत्रात छापतं. स्टेशन रोडवरच्या खड्ड्यांची इतकी पक्की नोंद कुठं असेल असं वाटत नाही.

या नाण्यांत दोन जाती असतात. एक ‘यूएनसी’, म्हणजे टांकसाळीतनं निघालं तसं, बाजारात न गेलेलं. दुसरी ‘प्रूफ’. प्रूफसाठी साचा आणि चकती दोन्ही घासून लख्ख करतात आणि ठसा एकाहून जास्त वेळा देतात. त्यामुळं मोकळी जागा झळझळीत आणि चित्र दुधी उठतं. प्रूफ नाण्यात स्वतःचं तोंड स्वच्छ दिसतं. काकूंचं म्हणणं, तेवढ्या पैशात भिंतभर आरसा आला असता आणि त्यात दोघांची तोंडं मावली असती.

रकमांचा प्रकार तर और आहे. रोजच्या नाण्याचा आकडा व्यवहारावरून ठरतो. एक, दोन, पाच, दहा, वीस. स्मारक नाण्याचा आकडा बरेचदा जयंतीवरून ठरतो. रवींद्रनाथ ठाकुरांना दीडशे वर्षं झाली, दीडशेचं नाणं निघालं. डॉ. आंबेडकरांची सव्वाशेवी जयंती, २०१५ मध्ये सव्वाशेचं. गुरू गोविंदसिंगांचं साडेतीनशेचं, गुरू तेगबहादुरांचं चारशेचं, गुरू नानकांचं साडेपाचशेचं. अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीला, २०२५ मध्ये, तीनशेचं. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून २०१० मध्ये सरळ हजाराचं. समजा एखाद्या दिवशी देशातल्या नोटा संपल्या आणि व्यवहार या नाण्यांवर आला. सव्वादोनशेच्या बेअरिंगसाठी गिऱ्हाईक एक रवींद्रनाथ आणि एक संसद भवन काउंटरवर ठेवणार. दोनशेचा पट्टा घेऊन तीनशेचं नाणं दिलं तर दुकानदार उरलेल्या शंभरासाठी गल्ला धुंडाळत विचारणार, “एखादी पुण्यतिथी सुट्टी हाय काय हो कुणाकडं?”

आयकर खात्यालाही दीडशे वर्षं झाल्याचं नाणं निघालेलं आहे. त्यावर चाणक्य आहे, आणि कमळावर बसलेली मधमाशी. फुलाला न दुखावता मध काढावा तसा कर गोळा करावा, असा त्याचा अर्थ. शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्याला काकांनी ते दाखवलं. त्यानं भिंग लावून पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं, “नांगी दाखवलेली न्हाई काय?”

२०११ च्या नाण्यांच्या कायद्यानं हजार रुपयांपर्यंतचंच नाणं पाडता येतं. म्हणजे हजार वर्षांपर्यंतच्या वस्तूंची सोय झाली. यात आमच्या गावाची पंचाईत आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं तेव्हा सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली, दोन हजार वर्षांच्या आसपासची. त्या वयाला शोभेल असं नाणं काढायचं तर आधी संसदेत कायदा दुरुस्त करावा लागेल, आणि तोवर आमचं वय आणखी वाढेल.

कोल्हापूरला स्वतःची नाणी होती, आणि ती या सगळ्या मखमलीपेक्षा मला जास्त आवडतात. ब्रह्मपुरीत कुर राजांची नाणी सापडली आहेत. विळिवायकुर, शिवलकुर अशी त्यांची नावं. बरीचशी नाणी शिशाची, आणि त्यांवर धनुष्यबाण. हे चिन्ह नक्की कुणाचं यावरून त्या काळी तंटा झाल्याचा पुरावा उत्खननात अजून आलेला नाही. आज जगभरचे जाणकार या शिशाच्या तुकड्यांपुढं मान तुकवतात. का, तर ती कमी उरली. आणि कमी का उरली, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोल्हापूरकरानं ती मनसोक्त खर्च केली. त्यानं मीठ घेतलं, बैल घेतला, जुगारात घालवली, नदीत पाडली, पोरानं तोंडात घातली. कुणीही ती कापसात गुंडाळून ठेवली नाहीत, म्हणून तर आज ती कापसात गुंडाळायच्या लायकीची झाली. शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या काळच्या सोन्याच्या होनाचंही तेच. तो होन राज्यकारभारासाठी पाडला होता, माझ्या-तुमच्या शोकेससाठी नाही, आणि म्हणून तो आज शोकेसमध्ये दिसला तरी माणूस चप्पल काढतो.

उलट ज्या नाण्याच्या जन्मदाखल्यावरच ‘जपून ठेवा’ लिहिलंय, ते सगळेच जपतात. एकही हरवत नाही, एकही झिजत नाही, एकाचाही कान तुटत नाही. मग ते दुर्मीळ व्हायचं कधी? मी हे काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, “सांगली-कोल्हापूरला महापूर येतो की.” २०१९ साली शाहूपुरीच्या सखल भागात पाणी आलं होतं. काकांनी त्याकडंही संग्राहकाच्या नजरेनं पाहिलेलं दिसतं.

इकडं खर्च करण्यासाठीच पाडलेल्या नाण्यांची दशा काय आहे बघा. दहाचं नाणं. ‘चालत नाही’ अशी आवई उठली आणि रिक्षावाल्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांनी त्याच्यावर बहिष्कार घातला. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पत्रक काढलं, की दहाची नाणी आजवर १४ वेगवेगळ्या नक्षींत आली आहेत आणि सगळीच्या सगळी खरी आहेत. त्यातल्या बऱ्याच नक्षी कशाच्या ना कशाच्या स्मरणार्थच होत्या. एवढ्यावर न थांबता १४४४० हा क्रमांक जाहीर केला, त्यावर फोन केला की नाणं खरं असल्याची ग्वाही ऐकू येते. लक्ष्मीपुरीच्या बाजारात मी एका मावशींना ही ग्वाही ऐकवायचा प्रयत्न केला.

“मावशी, रिझर्व्ह बँक म्हणते चालतं.”

“मग तिलाच म्हणावं मेथी दे.”

सरकारी हमी असलेलं, गोल, धडधाकट, दहा रुपयांचं नाणं मेथीच्या जुडीपुढं हरतं, आणि त्याच सरकारचं पंचाहत्तरचं नाणं हजारो रुपये मोजूनही मिळत नाही म्हणून माणसं हळहळतात. अर्थशास्त्रात याला काहीतरी नाव असणार. आमच्याकडं याला ‘नाद’ म्हणतात.

मागं एकदा काका ते पंचाहत्तरचं नाणं आणि मला गुजरीत घेऊन गेले होते. कोल्हापुरात चांदी म्हटलं की दोन ठिकाणं, घडवायला हुपरी आणि विकायला गुजरी. सराफानं डबी उघडायला हात पुढं केला तसे काका ओरडले, “बोटं लावू नका!” आयुष्यात सराफाला असं कुणी बोललं नसावं. तो चष्म्यावरनं बघत म्हणाला, “टंच किती?”

“पन्नास.”

“निम्मंच?”

“चतुर्धातू आहे. चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५, जस्त ५.”

सराफानं गादीवर मागं टेकून घेतलं. “मोडीत घालणार असला तर टंचाप्रमाणं बघू. घडणावळ धरत न्हाई आम्ही मोडीला.”

“मोडीत? नाणं आटवणं गुन्हा आहे!”

“मग आणलं कशाला?”

प्रश्न चोख होता. काकांनी ते फक्त दाखवायला आणलं होतं, आणि सराफाच्या पेढीवर फक्त दाखवायला आलेला माणूस बघण्याची सवय कुणालाच नसते. पण चहा आला. चहाबरोबर सराफानं गल्ल्यातनं तीन राणी छाप रुपये काढले आणि तराजूच्या एका पारड्यात टाकले. दुसऱ्या पारड्यात काकांनी, डोळे मिटून, आपलं नाणं डबीतनं काढून ठेवू दिलं. काटा मधोमध. व्हिक्टोरियाचा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. असे तीन म्हणजे ३५ ग्रॅम. वजनाला आजचं नाणं रेसभर कमी नाही. फरक पोटात आहे. जुन्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असायची, म्हणजे त्या पारड्यात ३२ ग्रॅम चांदी आणि या पारड्यात साडेसतरा.

आता गंमत अशी, की ५०-४०-५-५ हे प्रमाण काही आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारला चांदी पुरेना, तेव्हा १९४० पासून त्यांनी रुपयाच्या नाण्यातली चांदी निम्म्यावर आणली, आणि त्या रुपयाची कृती नेमकी हीच होती. लोकांनी तेव्हा काय केलं? जुने चोख रुपये घरात दडवले आणि हे निम्म्या चांदीचे बाजारात पटापट ढकलले. काटकसरीची म्हणून आलेली ती धातूची कृती ऐंशी वर्षांनी मखमली पेटीत बसून आली, आणि आता लोक नेमकी तीच दडवून ठेवतात. राणी छाप रुपये मात्र दिवाळीत लक्ष्मीपूजनाला दुधानं न्हाऊन चौरंगावर बसतात, कुंकू लावून घेतात, आणि पुन्हा पुढच्या अश्विनापर्यंत कपाटात जातात. त्यांना डबी लागत नाही.

स्वतंत्र भारतातलं पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, पंडित नेहरूंच्या निधनानंतरचं. ते साधं होतं, खिशात खुळखुळणारं. चांदीचं आलं ते १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीला. दहा रुपयांचं, १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. दहा रुपयांना दहा रुपये! कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत हे नाणं आजही आजीच्या डब्यात सापडतं, कारण तेव्हाच्या माणसांनी हिशोब केला की यात बारा ग्रॅम चांदी आहे आणि सरकार काही पुन्हा असं चुकणार नाही. सरकार खरंच फार काळ चुकलं नाही. १९७२ पासून चांदी निम्म्यावर आली.

सत्तरच्या दशकात मग नाण्यांना उपदेश करायची हुक्की आली. १९७० मध्ये सर्वांना अन्न. १९७३ मध्ये अधिक धान्य पिकवा. १९७४ मध्ये कुटुंबनियोजन, तेही पन्नास रुपयांच्या चांदीच्या नाण्यावर. ज्यांच्याकडं तेव्हा असल्या हौसेला पन्नास रुपये होते, त्यांना दोन मुलांत थांबायचा सल्ला द्यायची गरज किती होती हा वेगळा प्रश्न. १९७७ चं नाणं बचतीवर आहे. बचत करा हे वाचण्यासाठी पन्नास रुपये मोजायचे! काकूंना हे नाणं सगळ्यांत जास्त आवडतं. वाद झाला की त्या तेच बाहेर काढायला लावतात.

बादशाहांची तऱ्हा निराळी होती. जहांगीर, शाहजहान यांच्या काळात ‘निसार’ नावाची छोटी चांदीची नाणी खास पाडत. मिरवणूक निघाली, सण आला, की ती मुठी-मुठीनं गर्दीवर उधळायची. तीही प्रसंगासाठीच पाडलेली नाणी. पण प्रसंग बादशाहाचा आणि नाणं लोकांचं, असा मामला. आता प्रसंग देशाचा असतो आणि नाण्यासाठी संकेतस्थळावर खातं उघडावं लागतं, पत्ता भरावा लागतो, मोबाइलवर आलेला आकडा टाकावा लागतो आणि मग पोस्टमन दिसला की जिना उतरावा लागतो. याच जहांगीरनं हजार मोहरांचं, बारा किलोच्या आसपासचं सोन्याचं एक नाणंही पाडलं होतं. ते १९८७ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात उगवलं. त्याला डबी मिळाली की नाही याची काकांना खरोखर काळजी आहे.

परदेशांत तर हा उद्योग कुठल्या कुठं गेलाय. न्युए नावाचं प्रशांत महासागरात एक बेट आहे, लोकसंख्या दोन हजारांच्या आत-बाहेर, म्हणजे शाहूपुरीच्या दोन गल्ल्या. त्यांच्या नावानं ‘स्टार वॉर्स’ची आणि मिकी माउसची चांदीची नाणी निघतात. पलाऊनं लूर्दच्या तीर्थाचा थेंब भरलेलं नाणं काढलं. मंगोलियानं केनेडींचं बोलणारं नाणं काढलं, बटण दाबलं की भाषणातलं वाक्य ऐकू येतं. बेनिन या देशानं गांजाच्या वासाचं नाणं काढलंय. हे वाचून काका दोन दिवस अस्वस्थ होते. गुळाच्या वासाचं एक नाणं शाहूपुरीच्या नावानं निघालं पाहिजे, कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलंच आहे, असा अर्जाचा मसुदा त्यांनी मला लिहायला लावला. मी लिहिला. “नाण्यास मुंग्या लागल्यास संग्राहकाची जबाबदारी” ही ओळ माझी होती, ती त्यांनी खोडली.

संग्राहकाच्या घरातली दिवाळी हा वेगळाच विषय आहे. चांदीला हवेतल्या गंधकानं काळपट झाक येते. जाणत्या संग्राहकाला ही झाक प्रिय असते. ती पुसायची नसते, नाणं धुवायचं नसतं, मऊ प्लास्टिकच्या अल्बमात ठेवायचं नसतं, रबरबँड तर त्याच्या आसपासही येऊ द्यायचा नसतो. उचलायचंच झालं तर हातमोजे घालून, कडेला धरून. याउलट गृहिणीच्या शास्त्रात काळी पडलेली चांदी म्हणजे घराची अब्रू. वसुबारसेच्या आधी घरातली सगळी चांदी चिंच, रांगोळी आणि जुन्या टूथब्रशनं घासली जाते. एका वर्षी काका पुण्याला नाण्यांच्या प्रदर्शनाला गेले होते. आल्यावर बघतात तो देवघरात समया, निरांजन, अत्तरदाणी, गणपती आणि संत तुकारामांचं २००२ सालचं शंभर रुपयांचं नाणं, सगळं एका रांगेत, सारखंच चकाकत होतं. तुकोबांच्या कपाळी गंध आणि पुढं साखरफुटाणा.

काकूंची बाजू अशी, की संतांचं चित्र डबीत कोंडून ठेवणं त्यांना बरोबर वाटेना. मला विचाराल तर तुकोबांनी काकूंचीच बाजू घेतली असती. ज्यांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली असं आपण परंपरेनं सांगत आलो, त्यांच्या नाण्याला प्रूफ जास्त की यूएनसी जास्त यावर चर्चा होते, हे त्यांनी ऐकलं असतं तर एखादा खरमरीत अभंग नक्की झाला असता. काका तेव्हा काही बोलले नाहीत. ते नाणं देवघरातच राहिलं आणि कपाटाला कुलूप आलं.

काकांच्या या ख्यातीमुळं गल्लीत आणखी एक ताप सुरू झाला. ज्याच्या गल्ल्यात जरा वेगळं नाणं येईल तो वर चढतो. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाचाचं नाणं लाखाला जातं, असं कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं असतं. काका शांतपणे समजावतात, की अशी नाणी भरपूर पाडलीत, किंमत पाच रुपये. समोरचा माणूस उठताना “यांनाच स्वस्तात पाहिजे असणार” असं तोंड करून जातो. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये बजावलं होतं. पण पाचाचे लाख होणार ही बातमी जिना चढून येते आणि बँकेचा इशारा खालीच थांबतो. तांदूळ खेचून घेणाऱ्या नाण्याच्या नावावर तर राज्यात लोकांनी लाखो रुपये घालवलेत. एक गृहस्थ असलं नाणं हुडकायला काकांकडं आले होते. काका म्हणाले, “माझी सगळी नाणी पैसेच खेचतात, तेही माझेच.”

आता आहेराची हकीकत.

काकांच्या भाच्याचं लग्न ठरलं. मामाचा आहेर म्हणजे मान मोठा. काकू म्हणाल्या, सोन्याची अंगठी करू. काका म्हणाले, अंगठी काय कुणीही देतं. त्यांच्याकडं बृहदीश्वर मंदिराचं हजार रुपयांचं नाणं होतं. दोन होती, कारण संग्राहक एक बघायला घेतो आणि एक न बघता ठेवायला. त्यातलं न बघितलेलं त्यांनी काढलं, वर रिवाजाप्रमाणं एक रुपया ठेवला आणि कार्यालयाच्या दारात वही घेऊन बसलेल्या मुलासमोर उभे राहिले.

“मामा, रोख का वस्तू?”

काकू म्हणाल्या, “वस्तू लिही रे बाबा.”

“वस्तू काय म्हणून?” काका उसळले. “भारत सरकारचं नाणं आहे. कायदेशीर चलन आहे. रोख लिही.”

“किती?”

“हजार एक.”

मुलानं लिहिलं, मामा, रोख, १००१. मागं रांग होती. काकूंनी पदर तोंडाला लावला, तो हसू दाबायला की दुसरं काही, ते कळायला मार्ग नव्हता. त्या एका नाण्याला बाजारात काय भाव होता ते मला माहीत आहे. त्या पैशात अंगठी आली असती आणि वर वाजंत्री.

काही वर्षांनी काकांच्या मुलाचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी घरात आहेराची पाकिटं फोडायला बसलो. बहिणीकडचं पाकीट आलं. काका सरसावून बसले. काकूंनी फोडलं. आत पाचशेच्या दोन नोटा, आणि पाकिटाला बाहेरनं चिकटवलेला एक रुपया. बहिणीच्या घरी जुनी वही बघूनच पाकीट भरलं गेलं होतं. वहीत होतं तेवढं, एक पैसा कमी नाही.

“चोख परतफेड,” मी म्हणालो.

काकांना तक्रार करायला जागा नव्हती. नाण्याची किंमत त्याच्या तोंडावर असते तेवढी, हे गल्लीत सगळ्यांना त्यांनीच सांगितलेलं. तेवढ्यात त्यांची नजर पाकिटाच्या रुपयावर गेली. त्यांनी चष्मा काढून तो डोळ्यांजवळ नेला. २०२२ चा, आझादी का अमृत महोत्सवाचं चिन्ह असलेला.

“अगं, हा स्मारक रुपया आहे! कोरा!” म्हणत त्यांनी तो नखानं हळूच सोडवायला घेतला, आणि मग अख्ख्या शाहूपुरीला ऐकू जाईल असे ओरडले, “डिंक लावलाय लेकाच्यांनी!”